हिरवा दिवा

"अहो, चादर पार ओली आहे! आणि तुम्ही भिंतीपलीकडे बसून काय करताय?" रोज सकाळी येणारी नर्स कडाडली.

"घंटा वाजलीच नाही," तो चाचरत म्हणाला.

अर्धांगवायूने खिळलेली बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने उशीजवळचं बटण दाबलं, की पलीकडे त्याच्या टेबलावर घंटा वाजायची. घंटा वाजली, की बटणाशेजारी हिरवा दिवा लागायचा. सगळं त्याच्याच हातचं. यंत्राच्या भाषेतले जुने प्रोग्रॅम एका ऑपरेटिंग सिस्टिमवरून दुसरीवर नेऊन बसवायचे, जन्मभर दुसरं केलंय काय त्याने? घरच्या जुन्या कॉम्प्युटरने मान टाकली, तेव्हा घंटेचा प्रोग्रॅमही त्याने एका बैठकीत नव्यावर आणला होता. सिस्टिमकडून काम करून घ्यायला तिला हाक मारायचे आकडे बदलले आणि हात झटकले. त्याच्या डाव्या हातचा मळ!

"दिवा लागला होता," बायको भिंतीशीच बोलली. "रोजच लागतो. म्हटलं, ऐकलंय, येतील. कामात असतील. मग वाटलं, कंटाळले असतील."

चादर बदलायला हात लावून तो तडक टेबलाशी गेला.

चूक शोधावीसुद्धा लागली नाही. जुनी सिस्टिम काम फसलं की उणे आकडा परत द्यायची. नवी उणे देतच नाही. फसल्याची खूण ती वेगळीकडे ठेवते. त्याने हाका बदलल्या, पण प्रोग्रॅम उत्तरात अजून उण्याचीच वाट बघत बसला होता. स्पीकरची यूएसबी वायर सैल, सिस्टिमला स्पीकर सापडेना; पण उणे आलं नाही, म्हणजे घंटा वाजली, असं प्रोग्रॅमने धरलेलं. घंटा मुकी, आणि दिवा खुशाल हिरवा. नवशिक्यानेही तपासलं असतं हे! त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

सगळं नीट करून तो पलंगाशी आला. "चुकलं गं माझं. मला ऐकूच येत नव्हतं. दिवा खोटा लागत होता."

"ऐकूच येत नव्हतं?" तिने मान वळवली. तिचे डोळे भरून आले. "आणि मी इथे पडल्या पडल्या तुम्हाला काय काय बोलले हो."

"आता बोल की तोंडावर."

तिने डोळे पुसले. म्हणाली, "जा तुमच्या खोलीत. बघू दे."

तो जाऊन बसला. घंटा खणखणीत वाजली, तसा तो खुर्ची ढकलून धावला.

दिवा लागला होता. बऱ्या हाताचा तळवा तिने त्याच्यावर पालथा ठेवला होता, आणि ती दाराकडे बघत होती.