दोघांना निळीच आवडली

थोरल्या साडूंचं चष्म्याचं दुकान होतं आणि धाकट्या साडूंची बेकरी. थोरले उभे राहिले की धाकट्यांच्या खांद्याशी यायचे, आणि धाकटे कुठल्याही दारातून शिरताना आधी मान वाकवायचे, मग आत यायचे. देवानं दोन्ही जावयांना मिळून कापड बेतशीरच दिलं होतं, फक्त कापताना कात्री जरा तिरकी गेली, असं सासूबाई म्हणायच्या. म्हणून घरात कुणी "थोरल्यांना हाक मारा" म्हटलं की नवखा माणूस हमखास बेकरीवाल्याकडे बघायचा.

या दोघांत मिळून एक मोटरसायकल होती. चांगली मोठी, लांबच्या रस्त्यांची. एक आठवडा थोरल्यांकडे, एक आठवडा धाकट्यांकडे. दोघी बहिणींनी लग्नानंतर एवढीच अट घातली होती की असलं धूड दारात उभं करायचंच असेल तर दोन घरांत मिळून एकच. गाडी एक आणि चालवणारे दोन, त्यामुळे दोघे साडू तिच्यावर कधी एकत्र बसलेच नाहीत. गाडीवर जीव मात्र दोघांचा सारखा. रविवारी संध्याकाळी गाडी हवाली करताना जे अर्धा तास अंगणात उभं राहून बोलणं व्हायचं, ते खरं त्यांचं साडूपण. बाकी लग्नकार्यात भेटतात ते सगळेच.

तर या गाडीनं अखेर मान टाकली. मेकॅनिकनं इंजिन उघडलं, आत बघितलं आणि परत झाकलं. "आता हिला विश्रांती द्या," म्हणाला, जसं काही घरातल्या म्हाताऱ्या माणसाविषयी बोलतोय.

नवी घ्यायची ठरली, आणि तिथून थोरल्यांच्या घरात जेवण सुखाचं होईना. चष्मेवाल्याचा धंदा म्हणजे दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत विचारायचं, "आधीचं बरं की आताचं?" तीच सवय ताटावर आली. काळीचं इंजिन बरं की निळीचं? काळीचा आवाज भारदस्त, निळीला पुढे वारा अडवणारी काच. काळीवर पाय ऐसपैस पुढे पसरतात, निळीला दोन्ही अंगांना सामानाच्या डिक्क्या. काळी बुटकी आणि लांबलचक, निळी उंच आणि सडसडीत.

"भाजी आधीची बरी की आताची, तेही सांगा," बायको म्हणाली.

"आताची."

"ती कालचीच आहे."

उंचीचं दुखणं थोरले कुणाजवळ बोलत नसत. जुन्या गाडीवरही त्यांचे पाय पुरते टेकत नव्हते. जाड तळव्याचे बूट घालूनसुद्धा टाच अधांतरीच राहायची. सिग्नलला ते नेहमी डावीकडून, फुटपाथला लागून गाडी उभी करायचे, म्हणजे त्याच्या कडेवर पाय ठेवता यायचा. लोकांना वाटायचं, माणूस शिस्तीचा आहे.

म्हणून मनातून त्यांनी काळीच धरली होती. बुटकी आहे, निभेल.

चष्म्याचं दुकान गुरुवारी बंद, बेकरी सोमवारी बंद. तेव्हा गाड्या बघायलाही दोघं वेगवेगळेच गेले. इतकी वर्षं पाळीपाळीनं जगल्यावर एकत्र जावं हे कुणाला सुचलंच नाही.

गुरुवारी थोरले शोरूमच्या बाहेर बराच वेळ काचेतून बघत घुटमळले. मग आत गेले. तिथला विक्रेता केस पांढरे झालेला, हळू बोलणारा गृहस्थ होता. त्यानं आधी काळी दाखवली. थोरले बसले. पाय छान टेकले, पाठ आरामखुर्चीत पडल्यासारखी झाली. पण चक्कर मारायला गेले तेव्हा कळलं की काळीला वळवणं म्हणजे पाण्यात बसलेल्या म्हशीला उठवणं आहे. ती ऐकते, पण तिला वाटेल तेव्हा.

"निळी बघून तर घ्या," विक्रेता म्हणाला. "नुसतं बसायला काय जातं?"

थोरले देवाचं नाव घेऊन बसले. आणि पाय टेकले. दोन्ही. टाचेसकट. त्यांनी खाली वाकून खात्री करून घेतली.

मग ते निळी घेऊन निघाले. गाडी अशी वळत होती की वळायचं मनात आलं की वळून झालेलं असायचं. पुढच्या काचेवरून वारा डोक्यावरून जात होता. पहिल्याच सिग्नलला ते फुटपाथकडे न जाता मधल्या ओळीत थांबले, ट्रक आणि बस यांच्यामध्ये, दोन्ही पाय रस्त्यावर रोवून. शेजारच्या बसमधून एका बाईनं सहज त्यांच्याकडे बघितलं. थोरल्यांना वाटलं, कौतुकानंच बघते आहे.

परत येताना मात्र मनात पाल चुकचुकली. माझे पाय इतके सपाट टेकतात, तर धाकट्यांचे गुडघे कुठे जाणार? हँडलला नाही तर हनुवटीला. ही गाडी त्यांच्या मापाची नाही. थोरल्यांनी जड मनानं ठरवलं की आपण निळीचा हट्ट धरायचा नाही. बायकोला मात्र राहवलं नाही म्हणून सांगितलं, "निळी फार गोड आहे गं." आणि बायकोकडे सांगितलेलं बहिणीकडे पोचायला गाडी लागत नाही.

सोमवारी संध्याकाळी धाकटे थेट चष्म्याच्या दुकानात आले. मान वाकवून आत शिरले, भुवईवर मैदा तसाच.

"थोरले, ठरलं. निळी."

थोरल्यांनी हातातली फ्रेम खाली ठेवली. "निळी? तुम्हाला?"

"का, मला काय झालं?"

"गुडघ्यांचं काय?"

"गुडघे मजेत आहेत. इतके मोकळे बसले की मीच चकित झालो."

थोरल्यांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. हा माणूस लहान मुलांच्या वाढदिवसाला जमिनीवर बसला तरी गुडघे कानाला लागतात, आणि म्हणे मोकळे. त्यांना सगळा उलगडा झाला. बायकोनं बहिणीला सांगितलं, बहिणीनं नवऱ्याला, आणि हा आता आपल्यासाठी पाय दुमडून घ्यायला निघालाय.

"साडूभाऊ, खरं सांगा."

"खरंच सांगतोय. पण तुमचं काय? तुमचे पाय टेकले?"

"टाचेसकट."

धाकटे हसले. वाईट हेतूनं नव्हे, पण लहान मूल चवड्यांवर उभं राहून 'मी मोठा झालो' म्हणतं तेव्हा आपण हसतो ना, तसे. थोरल्यांच्या ते काळजात रुतलं.

"हसायला काय झालं?"

"काही नाही. मी बसलोय त्या गाडीवर, थोरले. मला तिची उंची माहीत आहे. माझ्या आवडीसाठी तुम्ही कशाला... काळी घेऊ आपण. काळीवर तुमचे पाय आरामात टेकतील."

"काळी नको. मला कुणी सोय म्हणून दिलेली गाडी नको."

"अहो, पण निळीवर तुम्ही सिग्नलला पडाल."

"आणि तुम्ही घडी घालून बसाल."

दुकानात चष्म्याचा नंबर काढायला आलेले एक आजोबा दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. त्यांना नीट दिसत नसलं तरी ऐकू सगळं येत होतं.

"मग असं करू," थोरले शेवटी म्हणाले, आणि म्हणताना त्यांचा त्यांनाच आवाज परका वाटला. "वेगवेगळ्या घेऊ. तुम्ही तुमच्या मापाची, मी माझ्या मापाची. लहानशी. सामाईक पुरे झालं."

धाकट्यांनी भुवईवरचा मैदा पुसला. "ठीक," म्हणाले, आणि जाताना दारात मान वाकवायची विसरले. डोक्याचा आवाज झाला, पण कुणीही मागे वळून बघितलं नाही.

त्यानंतर बेकरीतून रोज येणारा पाव बंद झाला. थोरल्यांनी दुसरीकडून आणून बघितला, घशाखाली उतरेना. रविवारची संध्याकाळ आली, अंगण रिकामं राहिलं. लहान गाड्यांची माहितीपत्रकं त्यांनी समोर पसरली खरी, पण 'ही बरी की ती' विचारायला माणूसच नव्हतं. एकट्यानं तुलना करणं म्हणजे एकट्यानं पत्ते खेळणं. जिंकलो तरी कुणाला सांगणार?

"नावडीवरून भांडणारे पुष्कळ बघितले," बायको समोर बसत म्हणाली. "आवडीवरून भांडणारे तुम्हीच दोघं."

"तो खोटं बोलतोय माझ्यासाठी. दया दाखवतोय."

"तोही हेच म्हणतोय, तुम्ही खोटं बोलताय म्हणून. धाकटी सांगत होती, रात्री उठून पाणी पितात आणि म्हणतात, थोरले पडतील."

"मी पडणार नाही. माझे पाय टेकतात."

"मग दाखवा टेकवून. दोघं एकदम जा, एकमेकांदेखत बसा. खोटं ज्याचं असेल त्याचं उघडं पडेल. येत्या गुरुवारी बेकरी धाकटी सांभाळणार आहे, आमचं बोलणं झालंय."

नवरा-बायकोचं भांडण देवावर सोडता येतं. साडूंचं सोडवायला बहिणीच लागतात.

गुरुवारी दोघं साडू शोरूमच्या दारात भेटले. "या," एक म्हणाला. "चला," दुसरा म्हणाला. एवढंच. धाकट्यांनी मान वाकवली, थोरले शेजारून ताठ आत गेले.

आत तोच पांढऱ्या केसांचा विक्रेता निळीपाशी उभा होता, हातात किल्ली. त्यानं दाराकडे बघितलं. आधी थोरल्यांकडे, मग धाकट्यांकडे, मग परत थोरल्यांकडे. निळीच्या सीटकडे गेलेला त्याचा हात तसाच थांबला.

"आपण दोघं... एकत्र आलात?"

"आज एकत्र," थोरले म्हणाले, आणि कुणी काही बोलायच्या आत निळीवर चढले. आता दूध का दूध होऊन जाऊ दे.

पाय टेकले नाहीत.

त्यांनी ढुंगण पुढे सरकवून बघितलं. डावा चवडा लागला, पण उजवा हवेत गेला. उजवा लावला, डावा सुटला. गाडी तीच, बूट तेच, माणूस तोच. थोरल्यांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. शेजारी धाकटे उभे होते, आणि त्यांना आपलं खरं ठरल्याचा काडीचाही आनंद झालेला दिसत नव्हता. उलट त्यांनी हळूच हँडलला हात लावून गाडी धरली. ते तर सगळ्यांत वाईट.

"त्या दिवशी दुसरे बूट असतील," धाकटे समजुतीनं म्हणाले.

"हेच होते."

"माफ करा," विक्रेता पुढे आला. त्याचा चेहरा शाळेत खोडी सापडलेल्या मुलासारखा झाला होता. "चूक आमची आहे. या सीटखाली दोन खाचा आहेत, एक वरची, एक खालची. गिऱ्हाईक बाहेर काचेतून बघत असतं तेव्हाच आम्ही उंची हेरतो आणि ते आत येईपर्यंत सीट लावून ठेवतो. त्याच्यासमोर सीट खाली करायला घेतली की माणूस दुखावतो, असा माझा अनुभव आहे. तुमच्यासाठी मी खाली केली होती. सोमवारी माझ्या सहकारीबाई असतात, त्यांनी यांना बघून वर केली असणार. आज..." त्यानं किल्ली दुसऱ्या हातात घेतली. "आज तुम्ही दोघं एकदम आत आलात. कुणासाठी लावू ते मला समजेना."

मग धाकटे सावकाश म्हणाले, "म्हणजे थोरले, तुमचे पाय खरंच टेकले होते."

"टाचेसकट. सांगत नव्हतो?"

"आणि माझे गुडघे खरंच मजेत होते."

"मला वाटलं, माझ्यासाठी थाप मारताय."

"मीही तेच म्हटलं. दहा दिवस झोप नाही मला. पाव जळले."

"माहितीपत्रकात लिहिलेलं असतं तसं," विक्रेता अगदी हळू म्हणाला. "उंचीचे दोन आकडे. जरा बारीक अक्षरात."

धाकट्यांनी थोरल्यांकडे बघितलं. "गावाचे डोळे तुम्हीच तपासता ना?"

"घरी सांगू नका," थोरले म्हणाले.

विक्रेत्यानं आपल्याकडून सावरायचा प्रयत्न केला. "तुम्ही दोघं आत बसून कॉफी घ्या ना. तोवर मी सीट खाली करून ठेवतो."

थोरले अजून गाडीवरच होते, एक चवडा जमिनीवर आणि गाडीचा भार साडूच्या हातात. आत जाऊन कॉफी घ्यावी, बाहेर यावं, सगळं आपोआप मापाचं झालेलं असावं, हे सोपं होतं. आजवर त्यांनी असंच निभावलं होतं. ते उतरले.

"कॉफी नको. इथेच करा, यांच्यासमोर. नाहीतर असं करा, किल्ली माझ्याकडे द्या. आठवड्याआड मलाच करायचंय."

त्यांनी किल्ली फिरवली. सीट खट्कन सुटून हातात आली. खाली खरोखरच दोन खाचा होत्या, नुकते दात पडलेल्या पोराच्या हिरड्यांसारख्या. धाकटे उकिडवे बसून बघत होते. पहिल्यांदा सीट तिरकी बसली, दुसऱ्यांदा बसलीच नाही.

"मी लावू?" धाकट्यांनी विचारलं.

"तुमच्या आठवड्यात लावा."

तिसऱ्यांदा नीट बसली. थोरले वर चढले. दोन्ही टाचा फरशीवर आल्या, तेव्हा धाकट्यांनी वाकून, अगदी नाक लावून खात्री करून घेतली आणि नुसती मान डोलावली.

"आता मागे बसा," थोरले म्हणाले.

"मी? मागे?"

"मग, तुमच्या बायकोला मागे बसायला कसं वाटेल ते कळायला नको?"

धाकटे मागे बसले. म्हणजे त्यांनी आधी एक तंगडी पलीकडे टाकली, मग दुसरीचं काय करावं याचा विचार केला, मग दोन्ही पाय कसेबसे मागच्या फुटरेस्टवर ठेवले. आरशात थोरल्यांना स्वतःच्या डोक्याच्या वर आणखी एक डोकं दिसत होतं. विक्रेत्यानं काचेचं दार उघडलं.

शोरूमच्या फाटकाशी एक लांबलचक ट्रक आडवा जात होता. थोरल्यांनी ब्रेक दाबला, पाय खाली टेकले. गाडी स्थिर उभी राहिली. आणि मागून त्यांच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन लांब पाय हळूच जमिनीवर आले.

"साडूभाऊ."

"हां."

"पाय वर घ्या. गाडी मी धरलीय."

मागे जरा चुळबुळ झाली. मग एक पाय वर गेला, आणि थोड्या वेळानं दुसरा.

ट्रक निघून गेला. थोरल्यांनी गिअर टाकला.