नऊ मशिनं, नऊ पेट्या

इजिप्तमधल्या दुमियात गावात सुतार किती, हे विचारण्यापेक्षा सुतार नसलेले किती, हे मोजणं सोपं. या सगळ्या गर्दीत उस्ता, म्हणजे उस्ताद कारागीर, झैनहुम ज्या गोष्टीसाठी प्रसिद्ध होते, ती गोष्ट सुतारकाम नव्हतीच. दर गुरुवारी दुपारची नमाज झाली की ते हातातलं काम ठेवत, नऊ मशिनांचे प्लग भिंतीतून काढत आणि त्यांना आंघोळ घालायला बसत.

आंघोळ हा शब्द गल्लीचा. तिच्यात पाण्याचा थेंब नसे. आधी हवेच्या पंपाने मशिनाच्या फटींतला भुसा उडवायचा. मग कोरडा ब्रश. मग जवळजवळ कोरडंच फडकं. मशीन पूर्ण गार होईपर्यंत फळीवर ठेवायचं, कारण गरम मशीन पेटीत घातलं की आतल्या आत घामेजतं. तोवर पेटी रिकामी करून साबणाने धुवायची आणि सावलीत पालथी वाळवायची. वायर सैल वेटोळ्यात गुंडाळायची. मशिनाला आवळून बांधायची नाही. शेवटी झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख.

"बघा, उस्ता पोरांना न्हाऊ घालतोय," समोरच्या दुकानातला नक्षीवाला फिक्री चहाचा पेला घेऊन दारात येऊन म्हणे. "माझी बायको वीस वर्षांत माझी पाठ चोळायला तयार झाली नाही, आणि इथे ड्रिलचे लाड बघा."

"फिक्री, तुझं ड्रिल कितवं?"

"चौथं."

"माझं पहिलंच आहे," उस्ता म्हणत, आणि पुढच्या मशिनाकडे वळत.

या कार्यक्रमात त्यांच्या मुलीचा, इन्शिराहचा, एक ठरलेला वाटा होता. ती मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची, आणि महिन्यातून एकदा खडूचे तुकडे पिशवीत भरून घरी आणायची. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, अशा गावात लोखंड नुसतं ठेवलं तरी गंजतं. उस्ता प्रत्येक पेटीत चिंधीत बांधलेला खडू ठेवत. तो ओल पिऊन घेई. "सरकारी खडू उत्तम," ते म्हणत. "फळ्यावर तो फुकटच जातो." लहानपणी ती पेट्या धुवायची, मोठेपणीही धुतच राहिली. नऊ पेट्यांच्या नऊ खाचांत काय कुठे बसतं, हे तिला इजिप्तच्या नकाशापेक्षा चांगलं पाठ होतं.

उस्ता बुधवारी गेले. गुरुवारी सकाळी पुरुषांनी त्यांना आंघोळ घातली, तेव्हा ती बंद दाराच्या बाहेर उभी होती. पाण्याचा आवाज येत होता. दुपारी दफन झालं. त्यानंतरच्या प्रत्येक गुरुवारी ती खाली कारखान्यात उतरली आणि मशिनं साफ करून ठेवत राहिली. झाकणात तारीख मात्र तिने लिहिली नाही.

मृत्यूच्या चाळिसाव्या दिवशी कुराणपठण झालं, बिनसाखरेची कॉफी फिरली आणि लोक पांगू लागले. तेव्हा शहाता काकांनी घसा साफ केला. उस्तांचे हे धाकटे भाऊ. कारखान्याची जागा दोघा भावांची, मशिनं मात्र उस्तांची स्वतःची. शहाता काकांनी आयुष्यभर पॉलिश केलं होतं. लाकडाचं थोडं आणि बोलण्याचं जास्त.

"अल्लाह माझ्या भावावर रहमत करो. बेटी, हक्क म्हणजे हक्क. तू एकटी मुलगी, तेव्हा निम्मं तुझं. मी भाऊ, निम्मं माझं. यात कुणाचं काही म्हणणं आहे?"

कुणाचं नव्हतं. इन्शिराहचंही नव्हतं.

"घरातल्या वस्तूंकडे मी बघणारसुद्धा नाही. राहता राहिली मशिनं." काकांनी मुलाकडे पाहिलं. वग्दी भिंतीला टेकून उभा होता, पस्तिशीचा, खांद्याने रुंद. उस्तांच्या हाताखाली त्याने बारा वर्षं काम केलं होतं आणि त्या बारा वर्षांत दर गुरुवारी दुपारी त्याला न चुकता बाहेर महत्त्वाचं काम निघालं होतं.

"नऊ मशिनं आहेत," वग्दी म्हणाला. "नवाचं निम्मं करायचं म्हणजे एक मशीन करवतीने कापावं लागेल."

"म्हणून मी विचार केला," काका म्हणाले, आणि फिक्रीकडे असं पाहिलं, जणू हा विचार दुसऱ्या कुणाला जमलाच नसता. "मशिनं नऊ. पेट्या नऊ. झाले अठरा नग. निम्मे नऊ, निम्मे नऊ. मशिनं आम्हाला, पेट्या तुला. नगाला नग. अल्लाहसमोर माझा हिशोब चोख."

खोलीत कुणीतरी खोकलं. फिक्रीने कॉफीच्या कपात डोकं घातलं.

"नुसत्या पेट्या?" फिक्रीची बायको दारातून म्हणाली. "त्यांत ती काय, कांदे ठेवणार?"

"तुम्ही मधे बोलू नका, वहिनी. तिला त्या पेट्यांची माया आहे, धुतल्यात तिने. शिवाय पेट्या काय कामाच्या आम्हाला? मशीन खिळ्याला टांगलं की झालं. हवाही लागते त्याला."

इन्शिराहने वडिलांच्या रिकाम्या खुर्चीकडे एकदा पाहिलं. विद्यार्थिनीने चुकीचं उत्तर आत्मविश्वासाने दिलं की ती जशी जरा थांबायची, तशी थांबली. मग म्हणाली, "काका, पेट्या म्हणजे रिकाम्या पेट्या, की पेटीत जे असेल ते धरून?"

काका मोकळेपणाने हसले. चाळिसाव्याच्या दिवशी शोभेल त्यापेक्षा जरा जास्तच. "मशीन सोडून पेटीतलं सगळं तुझं, बेटी! खडूसुद्धा तुझाच. चिंधी पण घे. मी काय चिंधीवर हक्क सांगणार?"

"सगळ्यांनी ऐकलं ना?"

"ऐकलं," फिक्री म्हणाला. कपातून त्याचं डोकं वर आलं होतं.

"मग फातिहा वाचू या," इन्शिराह म्हणाली.

सगळ्यांनी हात पसरले, फातिहा म्हणजे कुराणाचा पहिला अध्याय वाचला, हात चेहऱ्यावरून फिरवले. झालं. लग्न असो, जमीन असो, भांडण असो, दुमियातमध्ये फातिहा वाचल्यावर शब्द मागे घेणाऱ्याला पुन्हा कुणी कॉफी विचारत नाही. वग्दीने त्याच संध्याकाळी मशिनं पेट्यांतून उचलली आणि पोत्यात भरली. पेट्या एकावर एक रचून तिने घरातल्या तळमजल्याच्या खोलीत नेल्या. खालच्या खणांतून काहीतरी खुळखुळत होतं. वग्दीने ते ऐकलं नाही. पोत्यातली मशिनं त्याहून जोरात खुळखुळत होती.

पहिला आठवडा वग्दीने राज्य केलं. मशिनं भिंतीवर खिळ्यांना लटकली, कसायाच्या दुकानात बकरे लटकतात तशी. गल्लीत ग्राइंडरला रॉकेट म्हणतात आणि रंध्याच्या मशिनाला उंदीर. वग्दी येणाऱ्याजाणाऱ्याला हात करून दाखवी, "रॉकेट आपलं, उंदीर आपला." याच आठवड्यात त्याने लिंबू सरबत विकणाऱ्या जाबिरच्या मुलाच्या लग्नाची बेडरूम करायचं कबूल केलं. पलंग, सहा दारांचं कपाट, आरसा, दोन तिपाया, सगळं बकरी ईदच्या आधी.

दुसऱ्या आठवड्यात ड्रिलचं बिट बदलायची वेळ आली. त्यासाठी दात असलेली छोटी चावी लागते. चावी पेटीत होती, झाकणाजवळच्या खाचेत. वग्दीने पक्कड लावली. बिट बसलं, पण वाकडं. कपाटाच्या पहिल्या दाराला बिजागरीची भोकं पडली तीही वाकडी. "माप घेताना चूक झाली," तो म्हणाला.

मग रॉकेटची चकती झिजली. तिचा नट दोन टोकांच्या पान्याने सुटतो. पाना पेटीत होता. वग्दीने पटाशी आणि हातोडी घेतली. नटचे कान उडाले, चकती तशीच राहिली, पटाशी कायमची गेली.

"वग्दी," फिक्री समोरून ओरडला, "रॉकेट उडतंय का?"

"कंपनीच तसली आहे!"

"एकोणीस वर्षं चांगली होती ना रे कंपनी?"

तिसऱ्या आठवड्यात मशिनं धापा टाकू लागली. फटींत भुसा बसला होता, त्यावर पॉलिशची वाफ, त्यावर समुद्राची ओल. आतला भुसा भाजल्याचा वास येई. कुणीतरी म्हणालं, साफ कर. वग्दीला हे अगदी नवीन वाटलं. त्याने ड्रिल तोंडासमोर धरून जोरात फुंकर मारली, आणि एकोणीस वर्षांत त्या ड्रिलला लाभली नव्हती एवढी धूळ एका क्षणात त्याच्या डोळ्यांत गेली. फार्मसीवाल्याने दोन दिवस थेंब घालायला सांगितले. तिसऱ्या दिवशी, अपमान भरून काढायचा म्हणून, त्याने सगळी मशिनं अंगणात मांडली आणि पाण्याचा पाइप लावला.

फिक्री चहा विसरला. बायकोला हाक मारून म्हणाला, "अगं, बाहेर ये. आता खरीच आंघोळ चाललीय."

इन्शिराह वरच्या खिडकीत होती. तिने पडदा ओढून घेतला. पाण्याचा आवाज तरीही येत होता.

चौथ्या आठवड्यात दार वाजलं. वग्दीच्या हातात मुशब्बिकचा डबा होता, जिलबीच्या थोरल्या बहिणीसारखी पाकातली ती मिठाई. दुमियातमध्ये कुणी कारणाशिवाय एवढी आणत नाही.

"अब्ला," तो म्हणाला. मशिनं नेल्यापासून त्याने तिला ताई म्हणून हाक मारली नव्हती. "अब्ला, उंदीर मेला."

"कसा मेला?"

"पट्टा तुटला. आणि ड्रिलमधून ठिणग्या येतात. मेकॅनिक म्हणतो मोटरचे कार्बन झिजून संपले. तसे कार्बन आता मिळत नाहीत म्हणे, मॉडेल जुनं आहे." त्याने डबा पुढे केला. "झैनहुम काकांकडे जादा होते का गं?"

"होते."

"कुठे?"

"माझ्या पेटीत," इन्शिराह म्हणाली.

अर्ध्या तासात शहाता काका हजर झाले. त्यांना जिना चढून धाप लागली होती, तरी भाषण तयार होतं.

"बेटी, चावी म्हणजे मशिनाचाच भाग! हात आणि बोटं वेगळी असतात का?"

"बसा काका. पाणी घ्या."

"पाणी राहू दे. तुला माहीत होतं. फातिहाच्या आधी माहीत होतं तुला!"

"हो. मी तुम्हाला विचारलंसुद्धा. तुम्ही म्हणालात, मशीन सोडून सगळं."

"मला वाटलं खडू!"

"खडूपण आहे," ती म्हणाली.

काकांनी साक्षीसाठी खिडकीबाहेर पाहिलं. समोर फिक्री उभा होता आणि तो फार गंभीर चेहरा करून आकाश बघत होता. काकांनी मान आत घेतली.

"जाबिरच्या मुलाचं लग्न तोंडावर आहे. लोक काय म्हणतील, झैनहुमच्या कारखान्याने नवरीला वाकडं कपाट दिलं? तुझ्या बापाचं नाव आहे पाटीवर."

तेवढ्या एका वाक्यात काका खरं बोलले होते, बहुधा चुकून. इन्शिराहला पेट्या हव्या होत्या कारण झाकणांत वडिलांचं अक्षर होतं. मशिनं हवी होती कारण ती पेट्यांत राहावीत अशी बनली होती. ते दोन्ही एकत्र राहायला हवं होतं, एवढंच. कुणाच्या नावावर, याची तिला फिकीर नव्हती.

"मशिनं तुमचीच राहू देत," ती म्हणाली. "पण रात्री ती इथे झोपतील, माझ्या पेट्यांत. सकाळी वग्दीने न्यायची, संध्याकाळी आणायची. रोज वरवर पुसून, गुरुवारी नीट साफ करून. गार झालेली. कोरडी. ओलं मशीन आणलं तर दार उघडणार नाही. चाव्या, पाने, कार्बन, सगळं पेटीतून न्यायचं आणि मोजून परत ठेवायचं."

"रोज?" वग्दी म्हणाला.

"तुला बाहेर महत्त्वाचं काम असेल तर राहू दे."

काकांनी मुलाकडे पाहिलं, मुलाने बापाकडे. मग काकांनी नाइलाजाने हात पसरले. "वाच फातिहा," ते म्हणाले. या वेळी त्यांनी आधी प्रत्येक शब्द दोनदा विचारून घेतला.

पहिला गुरुवार आला. ड्रिलचे कार्बन बदलून झाले होते, उंदराला नवा पट्टा मिळाला होता. रॉकेटचा नट फिक्रीने कुठूनतरी आणून दिला होता आणि बदल्यात पूर्ण तासभर दारात उभं राहून बघायचा हक्क मिळवला होता. वग्दी जमिनीवर मांडी घालून बसला होता. हवेचा पंप, ब्रश, फडकं. भुसा त्याच्या मिशीत, भुवयांत.

"कानामागे राहिलाय," फिक्री म्हणाला.

"कुणाच्या, माझ्या?"

"रॉकेटच्या. तुझ्या कानामागे काय राहिलंय, ते तुझी बायको बघेल."

इन्शिराहने नवा खडू मोडून चिंधीत बांधला आणि पेटीच्या कोपऱ्यात ठेवला. वग्दीने झाकण उचललं. आत तारखांची लांब रांग होती, बारीक, सरळ, एकाखाली एक. त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि शेवटच्या तारखेखाली टेकवली.

"तिथे नको," ती म्हणाली.

त्याने वर पाहिलं.

"झाकणाच्या दुसऱ्या बाजूला लिही. जागा आहे."

त्याने लिहिलं. वाकडं आलं. मग त्याने रॉकेट खाचेत ठेवून झाकण लावलं. ते लागेना. त्याने वायर दाबली, मशीन फिरवलं, झाकणावर गुडघा दिला. बाजूची मूठ आधी सोडवून वेगळी ठेवावी लागते. उस्ता असते तर त्यांनी लगेच हात पुढे केला असता, मूठ सोडवून दाखवली असती, आणि ते रागावलेही नसते.

इन्शिराहने चहाचा पेला उचलला.

"काढ परत," ती म्हणाली. "पहिल्यापासून."