माझ्या दांड्याला कुलूप

सोमवारी सकाळी नऊ वाजता माझ्या दांड्याला कुलूप लागलं. लावणाऱ्याचं नाव डेल. कुलूप पितळी आहे, नवं आहे, आणि त्याची किल्ली डेलच्याच जुडग्यात आहे. तो कुलूप लावत होता तेव्हाही माझ्या तोटीतून पाणी ठिबकत होतं.

मित्रांनो, मी एक जुना हापसा आहे. बिडाचा, हिरव्या रंगाचा, माणसाच्या खांद्याला लागेल एवढा. हापसा हे नाव मला शनिवारी मिळालं. ते कसं, हे पुढे येईलच. माझ्या छातीवर इंग्रजीत तीन शब्द आहेत : फ्री टू ऑल. सगळ्यांना मोकळा. हे शब्द रंगवलेले नाहीत, ओतलेले आहेत. त्यांच्यावर कुलूप लावणं म्हणजे मला माझ्याच तोंडाने खोटं बोलायला लावणं. मला त्याचा राग आहे, आणि तो मी लपवणार नाही.

इंग्लंडमधल्या एका लहानशा बाजारगावात, ऐन चौकात मला रोवलं होतं. गुरुवारी बाजार भरे. मेंढरं, घोडे, अंडी विकणाऱ्या बाया, शाळेची पोरं, सगळे माझ्याकडे येत. साखळीला एक लोखंडी पेला होता आणि सगळ्यांची तोंडं त्या एकाच पेल्याला लागत. एका जत्रेत आलेल्या भटक्या कुटुंबांना दुकानदारांनी माझ्यापाशी अडवलं. तेव्हा पाव भाजणारी एक बाई पिठाच्या हातांनी पुढे आली. तिने माझा दांडा धरला आणि त्यांतलं शेवटचं मूल पिईपर्यंत सोडला नाही. भाषण वगैरे काही केलं नाही.

पुढे घरोघरी नळ आले आणि गावात पाहुणे येऊ लागले. टेकडीवरचा पडका किल्ला, पाणचक्की, दगडी बाजारघर, सगळ्यांना नकाशावर आकडे मिळाले. मला आकडा नव्हता. पाहुण्यांच्या गाड्या उभ्या करायला जागा हवी होती, म्हणून मला उपटलं. गाव पाहायला येणाऱ्यांसाठी गावाचा पाणवठा काढून टाकला! कुणाला हसूसुद्धा आलं नाही.

लिलावातून मी अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात आलो. इथे एका जुन्या शेतावर पर्यटकांसाठी ‘इंग्लिश बाजारगाव’ उभं केलंय. किल्ला फायबरचा. पाणचक्कीचं चाक विजेच्या मोटरवर फिरतं. गवती छपरं प्लास्टिकची. खरा असा मी एकटाच, आणि मला बसवलं तेही शेताच्या खऱ्या विहिरीवर. त्याच विहिरीचं पाणी पलीकडच्या उपाहारगृहात चहाला जातं. तरी माझ्याभोवती लाल दोर बांधला आणि पाटी लावली : शोभेची वस्तू. पाणी पिण्यायोग्य नाही. पाटीपासून चार पावलांवर थंड पाण्याच्या बाटल्यांचा गाडा आहे. मला आणखी काही सांगायला नको.

डेल इथला दवंडीवाला. लाल कोट, तिकोनी टोपी, हातात घंटा. रोज फाटक उघडण्याआधी तो दोर ओलांडून येतो, दांडा मारतो आणि आपल्या पांढऱ्या मगातून माझं पाणी पितो. मग तो मग माझ्या चौथऱ्यामागे लपवून दवंडी द्यायला जातो.

शनिवारी दुपारी एक कुटुंब आलं. अनुप इथल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या विद्यापीठात मातीवर संशोधन करतो. त्याची मुलगी मैत्री तिथेच शाळेत जाते. सोबत त्याची आई, रत्नाबाई. त्या महाडकडच्या, उन्हाळ्यापुरत्या लेकाकडे आलेल्या. ऊन रणरणत होतं. मला पाहताच रत्नाबाई उभ्याच राहिल्या.

“अगं बाई! हा तर आपला हापसा!”

“आजी, इट्स अ व्हिक्टोरियन पंप,” मैत्री म्हणाली.

“असेल तिकडे. इथे हापसाच.” त्यांनी दोर उचलला, वाकून आत आल्या, दांडा दोनदा मारला आणि ओंजळ धरली.

घंटा वाजवत डेल धावत आला. “मॅम! प्लीज स्टेप बॅक! नॉट फॉर ड्रिंकिंग!”

“सॉरी, सॉरी,” अनुप म्हणाला. “आई, बाहेर ये ना यार. सगळे बघतायत. बॉटल घेऊ आपण.”

“बघू देत. आणि विकत कशाला? हे वाहतंय की.”

“आय अ‍ॅम सो सॉरी, सर.”

“सॉरी कुणाला म्हणतोस रे? मैत्री, इथे काय लिहिलंय?”

मैत्रीने माझ्या छातीवरून बोट फिरवलं. “फ्री टू ऑल. म्हणजे... सगळ्यांसाठी फ्री, आजी.”

“मग दोर कशाला?”

डेलला मराठी कळत नव्हती, पण दोराकडे केलेलं बोट कळलं.  तेवढ्यात रत्नाबाईंना चौथऱ्यामागचा मग दिसला. त्यांनी तो उचलून उलटा केला. दोन थेंब पडले.

“ओला आहे. कुणाचा गं हा?”

मैत्रीने डेलकडे पाहिलं. “इज धिस युवर्स?”

डेलचा चेहरा कोटाच्या रंगाचा झाला.

रत्नाबाईंनी पुन्हा ओंजळ भरली. लेकाकडे न बघता म्हणाल्या, “आमच्या तळ्यावर गुरं प्यायची. माणसांना मनाई होती. आपल्याच माणसांना. माझा आजा बाबासाहेबांच्या मागून गेला नि प्यायला. मी त्याला विचारायची, कसं लागलं रे पाणी? तर म्हणायचा, साधंच होतं.”

त्या प्यायल्या. हनुवटी पुसली.

“हेही साधंच आहे.”

अनुपने बाटलीसाठी काढलेलं पाकीट खिशात ठेवलं. मग तोही दोराखालून आत आला, ओंजळ धरली आणि म्हणाला, “मार आई, दांडा मार.”

मैत्री तिसरी. तिच्या मागे बाटल्यांच्या रांगेतली माणसं येऊ लागली. गाडा रिकामा पडला, माझी तोटी थांबेना. कितीतरी वर्षांनी मी कामावर होतो.

मग मॅनेजरबाई आल्या. विमा, नियम, सुरक्षितता असं बोलल्या. अनुपने विचारलं, “तुमच्या चहाचं पाणी कुठल्या विहिरीचं?”  त्यांनी कुटुंबाला फाटकाबाहेर जायला सांगितलं. अनुप या वेळी सॉरी म्हणाला नाही.

सोमवारी कुलूप आलं. आता माझा नळ विहिरीतून ओढून काढायचा आणि तोटीखालच्या कुंडात पिटुनियाची फुलझाडं लावायची असं ठरतंय. कुंड्या येऊन पडल्या आहेत. मित्रांनो, माझ्या पोटात पाणी वर ओढणारा चामड्याचा वायसर आहे. तो ओला असेतोवर मी जिवंत. पाणी दिलं नाही की तो सुकतो, तडकतो, आणि मग कुणी कितीही दांडा मारला तरी माझ्यातून नुसतं कण्हणं ऐकू येतं. मला पुसू नका, रंगवू नका, माझ्यापुढे उभं राहून फोटो काढू नका. मला वापरा. आणि ‘सगळ्यांसाठी’ असं लिहिलेल्या जागी दोर दिसला, तर रत्नाबाईंनी विचारलं तेच मोठ्याने विचारा.

काल रत्नाबाई मैत्रीला घेऊन पुन्हा आल्या. मैत्रीच्या हातात स्टीलचा तांब्या होता. त्यांनी मॅनेजरबाईंची भेट मागितली. ‘विचार चालू आहे’ एवढंच उत्तर मिळालं. जाताना मैत्रीने दोरापलीकडून हात लांब करून तांब्यातलं पाणी माझ्या डोक्यावरच्या भोकातून ओतलं. वायसर थोडा भिजला.

आज फाटक उघडण्याआधी डेल आला. त्याने कुलूप हातात घेतलं, जुडग्यातली पितळी किल्ली वेगळी काढली. पलीकडे उपाहारगृहाचं दार वाजलं. त्याने किल्ली मुठीत धरली आणि वळून पाहिलं.

दवंडीची वेळ झाली आहे. घंटा अजून वाजलेली नाही.