रेलिंगच्या अलीकडे

तिला सगळे बटणताई म्हणत. गल्लीच्या तोंडाशीच तिचं दुकान. इतकं अरुंद, की दोन गिऱ्हाइकं आत आली तर तिसऱ्याने पायरीवर उभं राहायचं. भिंतभर पुठ्ठ्याच्या डब्या आणि प्रत्येकीवर आतल्या बटणाचा एक नमुना टाचलेला. कुणी तुटकं बटण घेऊन आलं, की ती ते पायरीवर उजेडात धरून रंग जुळवायची. नाहीच जुळलं तर स्पष्ट सांगायची, "हे माझ्याकडे नाही. उगाच जवळपासचं देऊन तुमचा कोट बिघडवणार नाही मी." नवऱ्याच्या मागे तेवीस वर्षं तिने एकटीने दुकान सांभाळलं होतं.

ते चालत होतं समोरच्या बसथांब्याच्या जिवावर. उतरलेली माणसं रस्ता ओलांडून थेट तिच्या गल्लीत शिरत, कारण बाजाराची तीच जवळची वाट. मुद्दाम बटणासाठी घरून निघालेलं माणूस दहात एखादंच. बाकीच्यांना दुकान दिसलं की आठवायचं, अरे, पांढरा दोरा संपलाय.

मग रस्ता नवा झाला. थांबा पुढे सरकला, ओलांडायची जागा सिग्नलपाशी गेली, तिथून बाजारापर्यंत ऐसपैस फुटपाथ झाला. जुन्या जागी रस्त्याच्या मधोमध छातीइतकं उंच रेलिंग आलं. गल्लीला मात्र कुणी बोटही लावलं नाही.

पहिल्या महिन्यात ती स्वतःची समजूत घालत राहिली. शाळांना सुट्ट्या आहेत, ऊन फार आहे. दुसऱ्या महिन्यात कारणं संपली. एका सकाळी ती दुकान बंद ठेवून मागच्या थांब्यावर गेली, बसमध्ये बसली आणि गर्दीबरोबर नव्या थांब्यावर उतरली. सिग्नल ओलांडला. समोर गुळगुळीत फुटपाथ, काचेची दुकानं, सावली. स्वतःच्या दुकानाकडे जायचं तर उलटं वळून एकशे ऐंशी पावलं मागे चालायचं, तेही खडबडीत कडेने. ती वळली. तिच्या बसमधलं दुसरं कुणीच वळलं नाही.

तिथेच तिला जुन्या ओळखीच्या शिक्षिका भेटल्या. "अगंबाई, तुम्ही! दुकान बंद केलंत ना? चुकल्या-चुकल्यासारखं वाटतं हो."

"बंद नाही केलं," ती म्हणाली. "आहे तिथेच आहे."

"हो का? येईन मग," त्या म्हणाल्या आणि फुटपाथने पुढे गेल्या.

तिचा धाकटा भाऊ नगरपालिकेत नकाशे काढायचा. दर गुरुवारी ऑफिस सुटल्यावर तो दुकानात चहाला यायचा. त्या गुरुवारी तिने विषय काढला. "तुमच्या साहेबांना सांग ना. रेलिंगमध्ये माणूस जाईल एवढी फट ठेवा म्हणावं. दोन हात पुरे."

त्याने कप खाली ठेवला. "ताई, नकाशा मीच काढलाय."

"तू?"

"पहिल्या कागदावर फट ठेवली होती मी. मग मीच खोडली. त्या जागी रस्ता ओलांडताना दोन माणसं गेली गं. ती शाळेतली मुलगी तर..."

पुढचं सांगायची गरज नव्हती. त्या दिवशी पाण्याचा तांब्या घेऊन हीच धावली होती. पाणी प्यायला मुलगी शुद्धीवर नव्हती. तिची वेणी मांडीवर घेऊन ही बसली होती, गाडी येईपर्यंत.

"गल्लीतला धंदा बसेल हे कळलं होतं तुला?"

"रेघ मारली तेव्हाच कळलं होतं."

"सांगायचंस तरी."

"सांगून काय केलं असतंस?"

ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण रागवायचं कुणावर? तिने सिग्नलपाशी बाण काढलेली पाटी लावली. आठ दिवसांत पालिकेच्या माणसांनी ती उचलून नेली. शेजारचा चावीवाला दुकान आवरून गेला, समोरचा शिंपी मुलाकडे राहायला गेला. जाताना म्हणाला, "बटणताई, आपलं काही चुकलं नाही. लोकांच्या पायांना आपण नकोसे झालो."

भाऊ मात्र गुरुवारी यायचा. मग एका गुरुवारी आला नाही. काम असेल, ती म्हणाली. पुढच्या गुरुवारी तिने चहाचं आधण ठेवलं आणि पायरीवर येऊन उभी राहिली. रेलिंगपलीकडून, गर्दीतून तो चालला होता. तिने हाक मारली. गाड्यांच्या आवाजात ती विरली. तो सिग्नलला थांबला, रस्ता ओलांडला आणि बाजाराच्या फुटपाथला लागला. मान खाली, चाल सवयीची. टाळणारा माणूस असा चालत नाही. तिची आठवणच झाली नव्हती त्याला.

आत येऊन तिने गॅस बंद केला.

रविवारी तो घरी आला, ओशाळलेला. "ताई, खरं सांगतो, मनात होतं. पण पाय..."

"असू दे रे," ती म्हणाली. "एकदा त्या नव्या थांब्यावर उतरले, तेव्हा माझेही तिकडेच ओढत होते." तिने त्याला जेवायला वाढलं. तो मान खाली घालून जेवला.

महिनाअखेरीस तिने दुकान सोडलं. ते एका काचवाल्याने सामान ठेवायला घेतलं. त्याला गिऱ्हाइकं नकोच होती. ती आता फुटपाथवरच्या मोठ्या दुकानात शिवणसामानाच्या विभागात उभी असते. तिथे बटणं सहा-सहाच्या बंद पाकिटात येतात. परवा एका बाईने पर्समधून तुटकं तपकिरी बटण काढलं आणि विचारलं, "याच्या जोडीचं मिळेल?"

तिने ते हातात घेतलं, सवयीने उजेडाकडे वळली. वर नुसते पांढरे दिवे होते. त्यात रंग काही कळेना.

"नाही मिळणार," ती म्हणाली, आणि बटण परत दिलं.