तात्पर्याचा एक गुण

शाळेत तिला सगळे डॅशबाई म्हणत. तोंडावर मॅडम, पाठ फिरली की डॅशबाई. इंग्रजीच्या तासाला गोष्टीचे मुद्दे फळ्यावर लिहिताना ती प्रत्येक मुद्द्यानंतर खडू आडवा ओढायची आणि खणखणीत आवाजात 'डॅश' म्हणायची. गरीब शिंपी, डॅश. जुनी कात्री, डॅश. तिसऱ्या डॅशला मागच्या बाकावरून साथ सुरू व्हायची, पाचव्याला सगळा वर्ग एका सुरात. ती रागवायची नाही. सव्वीस वर्षांत मुलं इतक्या एकदिलाने दुसरं काही म्हणाली नव्हती.

बाकी तिचं शिकवणं पक्कं. गोष्टीला पाच गुण: शीर्षकाचा एक, मुद्द्यांचे दोन, भाषेचा एक, तात्पर्याचा एक. "गोष्ट फसली तरी चालेल, तात्पर्य सोडू नका. तो एक गुण फुकटचा आहे," असं ती दरवर्षी सांगे. आणि परिच्छेद? "पहिलं वाक्य दार उघडतं, मधली तीन घर दाखवतात, शेवटचं दार लावतं. दार उघडं टाकून जायचं नाही." मुलं ते घोकत आणि पास होत. देवाने एकेकाला एकेक कला दिलेली असते. हिला मुलांना पास करण्याची दिली होती.

यंदा घटक चाचणीच्या आधी मुख्याध्यापकांनी बजावलं, "मॅडम, गोष्टीचे मुद्दे गाइडबाहेरचे द्या. मुलं गाइडातल्या सगळ्या गोष्टी पाठ करून येतात. कोल्ह्याचं नाव काढलं की पेनं आपोआप चालायला लागतात." पेपर त्याच दिवशी छापायला जायचा होता. शिपाई दारात उभा. ती पेनाचं टोपण चावत बसली आणि मग तिचा हात जो सुरू झाला, तो शेवटापर्यंत थांबला नाही.

एक म्हातारी आई, डॅश. दोन मुली, डॅश. थोरली घरी राहून सेवा करते, डॅश. धाकटी लांब जाते, डॅश. आई आजारी, डॅश. धाकटी येत नाही, डॅश. आई जाते, डॅश. धाकटी उशिरा येऊन रडते, डॅश. तात्पर्य.

आता हे कुणाच्या घरचं, ते उघडच आहे. तीन वर्षं आईला खाटेवरून उठवलं, न्हाऊ घातलं, भरवलं ते हिने. धाकटी आली ती सगळं आटोपल्यावर. तेव्हा दारात, चार माणसांदेखत, ही म्हणाली होती, "आता कशाला आलीस?" त्याला सहा वर्षं झाली. दोघींत शब्द नाही. दोन वर्षांपूर्वी धाकटीच्या नवऱ्याची बदली याच गावात झाली. गावात हायस्कूल एकच. धाकटीची मुलगी यंदा नववीत, अ तुकडीत, खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर, आणि वर्गशिक्षिका डॅशबाई. मुलगी 'मॅडम' म्हणायची, ही आडनावाने हाक मारायची. नातं शाळेत कुणाला ठाऊक नव्हतं. पण हजेरी घेताना त्या नावावर हिचा आवाज नकळत हळू व्हायचा. मुलगी गैरहजर असली तर दिवसभर जिवाला चैन पडत नसे. हिला मूल नाही, संसार नाही. रक्ताचं म्हणावं असं रोज डोळ्यांना दिसणारं हे एवढंच. कधीतरी ही पोर चुकून 'मावशी' म्हणेल, या आशेवर बाईने दोन वर्षं काढली होती.

मग तिच्याच वर्गाला असे मुद्दे का दिले? घाईत सुचलं तेच लिहिलं, असं ती स्वतःला सांगे. पोर तेव्हा लहान होती, तिला काय कळणार! पण देवापुढे हात जोडून उभं करून विचारलं असतं, तर तिला मान वर करता आली नसती.

रविवारी दुपारी ती पेपर तपासायला बसली. जिथे आईची खाट होती, तिथेच आता तिचं टेबल होतं. जुना फोन केव्हाच बंद पडला होता, पण त्याचं डबडं अजून स्टुलावर तसंच होतं.

तपासायला इतकी गोडी तिला कधी आली नव्हती. एकामागून एक मुलं धाकटीला फाडून खात होती. 'आईवडिलांची सेवा करा.' 'कर्तव्य वेळेवर करा.' एकाने लिहिलं, 'जो वेळेवर येत नाही, त्याला रडण्याचा हक्क नाही.' त्याखाली तिने दोनदा रेघ मारली आणि 'शाब्बास' लिहिलं. एका बहाद्दराने तर धाकटीला परतीच्या वाटेवर वाघाच्या तोंडी दिलं. मुद्द्यांत वाघ नव्हता. तरी तिने गुण कापला नाही.

एक्केचाळीस पेपर झाले. बेचाळिसावा भाचीचा.

शीर्षक होतं 'रविवार'. अक्षर बारीक, काळांचा थोडा गोंधळ, पण गोष्ट सरळ. 'धाकटीचं घर लांब होतं. दर रविवारी ती फोन करायची. थोरली सांगायची, आई झोपली आहे. धाकटी विचारायची, मी येऊ का? थोरली सांगायची, कशाला, ती बरी आहे, तुझ्या मुलीची शाळा बुडेल. धाकटीने बॅग भरून दाराजवळ ठेवली होती. तिची लहान मुलगी त्या बॅगेवर बसून बूट घालायची. मग एका बुधवारी फोन आला.'

खाली 'तात्पर्य' एवढाच शब्द. पुढे एक आडवी रेघ.

बाई कितीतरी वेळ त्या रेघेकडे बघत राहिली. पोरीने लिहिलं होतं त्यात खोटं अक्षर नव्हतं. फक्त अर्धंच होतं. उरलेलं अर्धं या खोलीतलं होतं, आणि ते हिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, असं तिला सहा वर्षं वाटत आलं होतं. फोन आईच्या उशाशी असायचा. रविवारी तो वाजला की आई टक्क जागी असायची, डोळे फोनवर लावून. खोकल्याची उबळ आली की ही चटकन फोनवर तळहात दाबायची आणि मग सांगायची, झोपली आहे. ठेवल्यावर आई विचारायची, "धाकटीचा का गं?" ही म्हणायची, "नाही, शाळेचा."

का? कारण आधी एकदा-दोनदा दिला होता फोन. धाकटी पाच मिनिटं गोड बोलली आणि आईचा चेहरा संध्याकाळपर्यंत उजळलेला राहिला. अंग पुसताना, औषध देताना, चादर बदलताना आई धाकटीचंच कौतुक सांगत होती. आठवडाभर कष्ट उपसणारीच्या वाट्याला तो चेहरा कधी आलाच नाही. माणसाचं मन, दुसरं काय!

तिने लाल पेन उचललं. शीर्षकाचा एक. भाषेचा एक. मुद्द्यांपुढे शून्य, तात्पर्यापुढे शून्य. पाचपैकी दोन. खाली लिहिलं, 'मुद्दे सोडले आहेत. तात्पर्य नाही.'

शाळेचा नियम असा की चाचणीचे पेपर घरी न्यायचे आणि पालकांची सही घेऊन परत आणायचे. पेपर वाटताना मुलीने आपला पेपर पाहिला, 'थँक्यू मॅडम' म्हणाली आणि घडी करून दप्तरात ठेवला. गुण का कापले, हे तिने विचारलं नाही. अर्ध्या गुणासाठी हुज्जत घालणारा वर्ग तो! बाई दोन दिवस वाट बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी सह्यांचा गठ्ठा टेबलावर आला. भाचीच्या पेपरावर धाकटीची सही होती, शेवटच्या अक्षराचं शेपूट वर वळवलेली. ते शेपूट तिला लहानपणी पाटीवर हिनेच शिकवलं होतं. सहीशिवाय एक अक्षर जास्त नाही. आणि पेपराला टाचणीने लावलेला एक कागद: तुकडी बदलून मिळण्यासाठी मुख्याध्यापकांना अर्ज, वर्गशिक्षिकेमार्फत, इंग्रजीत.

तिने वाचला. पहिल्या वाक्यात मागणी. मग तीन वाक्यांत तीन कारणं: शेजारची मैत्रीण ब तुकडीत आहे, प्रयोगवहीचं काम एकत्र होतं, घरी सोबतीने जाता येतं. शेवटच्या वाक्यात विनंती आणि आभार. एक काळ चुकलेला नाही, एक शब्द वाया नाही. दार उघडलं, घर दाखवलं, दार लावलं. सव्वीस वर्षांत इतका नेटका परिच्छेद तिच्या हाती आला नव्हता.

मधल्या सुट्टीत तिने मुलीला रिकाम्या वर्गात थांबवून घेतलं.

"अर्ज आईने लिहायला सांगितला?"

"नाही, मॅडम. माझा मीच."

"आई काय म्हणाली?"

"सही कुठे करू, म्हणाली."

"आणि पेपर? तो वाचला?"

"वाचला. प्रश्नपत्रिका पण मागितली."

बाईने डस्टर उचललं, परत ठेवलं. "तिकडचे सर काही शिकवत नाहीत गं. नुसतं लिहून देतात, पाठ करा म्हणतात."

"चालेल, मॅडम."

"बरं, ऐक. तो पेपर मी परत तपासते. माझ्याकडूनच जरा... पाच होतील तुझे."

"नको. आईने सही केलीय त्यावर."

बाहेर पोरांचा दंगा चालला होता. जे देवाजवळही कधी उच्चारलं नव्हतं, ते ती चौदा वर्षांच्या पोरीपुढे बोलली. "तू लिहिलंस ना, आई झोपली आहे असं थोरली सांगायची... ती झोपलेली नसायची."

पोर दचकेल, रडेल, निदान डोळे मोठे करेल, असं तिला वाटलं. मुलगी दप्तराचा पट्टा नीट करत म्हणाली, "माहितीये. आजीचा खोकला ऐकू यायचा आईला. तुम्ही हात ठेवायचात ना, त्याच्या आधी."

"मग बोलली का नाही ती? मला विचारलं का नाही?"

"म्हणायची, ताई दमलेली असते. भांडले तर रविवारचा फोनपण उचलणार नाही. मग निदान खोकला तरी ऐकू येतो, तोही जाईल."

"हे तू पेपरात का नाही लिहिलंस?"

"पेपर सगळे एकमेकांचे बघतात, मॅडम. कुणाला कळलं असतं, तर उगाच तुमच्याबद्दल बोलले असते."

एक्केचाळीस पेपर बाईच्या डोळ्यांपुढून गेले. 'शाब्बास' आणि त्यावरच्या दोन रेघा, आणि तो वाघ.

"मॅडम नको म्हणूस गं मला," ती म्हणाली.

मुलीने दाराकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. नव्हता. "शाळेत आहोत ना, मॅडम," ती हळूच म्हणाली. "अर्ज आज पुढे गेला तर सोमवारपासून बसता येईल."

ती गेली. बाईने अर्ज समोर घेतला. वर्गशिक्षिकेच्या शेऱ्यासाठी खाली जागा सोडलेली होती, तीही मोजून दोन ओळींची. हाताला लागलं त्या पेनाने तिने लिहिलं, 'हरकत नाही', पुढे सही केली आणि कागद शिपायाकडे दिला.

घंटा व्हायच्या आत शिपाई परत आला. "डॅश... मॅडम, साहेब म्हणाले, लाल शाईतली सही कार्यालयात चालत नाही. निळ्याने परत करून द्या."

"एकदा लिहिलंय ना मी?"

"लिहिलंय हो. पण ते धरत नाहीत. जरा परत."

त्याने स्वतःच्या खिशातलं निळं पेन काढून पुढे केलं. तिने ते घेतलं, आणि लाल अक्षरांच्या खाली उरलेल्या जागेत, त्याच्यादेखत, पुन्हा एकदा लिहिलं: हरकत नाही.