इंदूबाईंनी शेड सारवलं

आता काय बापा, नुकसानीचा सर्व्हे म्हणजे मोबाइल फिरवायचं काम झालं आहे. तिकडून माणूस व्हिडिओ कॉलवर जळालेली भिंत दाखवतो अन् इकडे मी अमरावतीत घरच्या खुर्चीवर बसून "थोडं डावीकडे घ्या, उजेडात घ्या" म्हणत राहते. छोटं नुकसान असलं की एवढ्यावरच निपटतं. सोय आहे, नाही म्हणत नाही. पण जळालेल्या जागेचा वास मोबाइलमधून येत नाही, अन् वास आल्याशिवाय मला रिपोर्ट लिहायला सुचत नाही. ही खोड भगवंतरावांनी लावली.

भगवंतराव म्हणजे माझे सर. अकोल्याला जठारपेठेत राहायचे. आग लागली, पाणी शिरलं, छप्पर उडालं की विमा कंपनी नुकसान पाहायला बाहेरचा परवानाधारक माणूस पाठवते, तो सर्व्हेअर. कंपनीचा नोकर नाही अन् नुकसानवाल्याचा सोयराही नाही. असा परवाना काढायचा तर आधी एखाद्या जुन्या सर्व्हेअरच्या हाताखाली राबावं लागतं. अमरावतीत मला कोणी उभं करेना. "मॅडम, जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणींवर चढावं लागते," असं एकानं तर तोंडावर सांगितलं. जणू काही मी पाय घरी ठेवून आले होते. भगवंतरावांनी एवढंच विचारलं, "सकाळची गाडी पकडता येते का तुले?" येते म्हटलं. झालं, लागले कामाला.

काय दिवस होते ते. बडनेऱ्याहून गाडी पकडायची, अकोल्याला उतरायचं, अन् सरांच्या स्कूटरवर मागे बसून कधी दालमिल, कधी जिनिंग, कधी कोणाचं पाणी शिरलेलं कापडाचं दुकान. सर जागेवर पोचले की आधी गप उभे राहायचे. म्हणायचे, "पह्यले नाक उघडायचं पौर्णिमा, मंग डोये, अन् तोंड सगळ्यात शेवटी." नाक अन् डोळे मला जमले. तोंडाचं काही जमलं नाही, ते अजूनही सगळ्यात आधी उघडतं. दुपारी त्यांच्या घरी जेवायला गेलो की वच्छलाकाकू दारातच अडवायच्या. "काजळी घेऊन आत पाय ठेवसान तं जेवाले नाई भेटनार," म्हणायच्या, अन् नवऱ्याला अन् मला एकाच बादलीपाशी हातपाय घासायला लावायच्या. सर आता नाहीत. अकोल्याला गेले की मी अजूनही त्या गल्लीतून एक चक्कर मारते, अन् काही कारण नसताना डोळे भरून येतात.

तर त्या दिवसांत परवाना आला. फाटकावर पाटी लावली. आईनं पाटीला हळदकुंकू लावलं. मग मी फोनकडे पाहत बसले अन् फोन माझ्याकडे. कंपन्यांची कामं जुन्या, ओळखीच्या माणसांना जात होती. नवी, त्यात बाई, तिला कोण विचारतो. माझी चिडचिड वाढली तशी घरचे मला टाळायला लागले. अन् एक दिवस एका कंपनीच्या शाखेतून फोन आला. चांदूर रेल्वेकडे एका फुलवाल्याचं शेड जळलं आहे, छोटंच आहे, जाता का? छोटं होतं, आडवाटेला होतं, पावसाचे दिवस होते, म्हणून दुसरं कोणी जात नव्हतं. हे कळत होतं मला. पण मी इतक्या जोरात "जाते" म्हटलं की तिकडच्यानं फोन कानापासून दूर धरला असेल.

मी लगेच त्या घरी फोन केला. घरधनी चंद्रभानभाऊंनी उचलला. त्यांना बजावून सांगितलं, उद्या येते, तोवर जसं आहे तसं राहू द्या, कशालाही हात लावू नका. "हाओ, हाओ," म्हणाले. अन् फोन ठेवून त्यांनी बायकोला काय सांगितलं असेल? उद्या कंपनीचे साहेब येऊन राहिले. बस, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी पोचले तर अंगणभर शेणाचा सडा. दाराशी रांगोळी, तीही ठिपक्यांची, रंग भरलेली. अंगणात एक खुर्ची मांडलेली, तिच्यावर धुतलेला टॉवेल. चंद्रभानभाऊ इस्त्रीचा सदरा घालून उभे, अन् शेजारी त्यांच्या बायको इंदूबाई, डोक्यावर पदर, हातात पाण्याचा तांब्या. साहेबाऐवजी बाई आलेली पाहून त्या जरा चमकल्या, मग खुश झाल्या. मी नाक उघडलं. ओल्या शेणाचा अन् ताज्या चुन्याचा वास.

"शेड कुठं आहे जळालेलं?" मी विचारलं.

"हे काय, हेच त," इंदूबाई म्हणाल्या.

माझ्यासमोर चार खांब होते, वर आभाळ, खाली हिरवीगार सारवलेली जमीन. घराला लागून असलेली भिंत चुन्यानं पांढरीफेक केलेली. राखेचा कण नाही. ना वितळलेलं क्रेट, ना पत्रा, ना पाइप. कंपनीकडे दिलेल्या यादीत म्हटलेलं सगळं सामान गायब. माझं पहिलं काम, अन् पाहायला नुकसानच नाही.

"काकू, हे कोणी केलं?"

"मीच केलं. सकायपासून लागली होती. जाऊबी आली होती मदतीले."

"काहून केलं पण? भाऊंना मी दहादा सांगितलं, हात लावू नका म्हणून."

"अवो, बाहेरचं माणूस पह्यल्यांदा दारी येऊन राहिलं, अन् त्याले राखीत उभं करू का? तुमच्या अमरावतीत असनं अशी रीत. आमच्यात नाई."

माझं डोकं सटकलं. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली एवढं आठवतं. या अंगणात उभी राहून मी काय लिहू, म्हटलं, की इथं छान सारवलेलं आहे? पुरावाच नाही तर कंपनी एक छदाम देणार नाही. अन् दसरा दोन महिन्यांवर आला होता. यांचा झेंडू अन् शेवंती दसऱ्या-दिवाळीला निघणार, त्याच शेडमध्ये तोलून भरून अमरावतीच्या बाजारात जाणार. शेड नाही तर पावसात भिजलेलं फूल कोण घेतो? त्या दोन सणांवर या घराचं अख्खं वर्ष चालायचं. हे चंद्रभानभाऊंच्या लक्षात आलं अन् त्यांचा चेहरा उतरला. इंदूबाई तांब्या धरून तशाच उभ्या होत्या. त्यांना राग आला होता की रडू, कळत नव्हतं.

मी निंबाच्या झाडाखाली जाऊन सरांना फोन लावला. ऐकून ते इतके हसले, इतके हसले, की मला रडायला आलं.

"हसून झालं का सर?"

"झालं. आता ऐक. जळलेली वस्तू गाव सोडून जात नाई. उकिरड्यावर जाते नाईतं शेजाऱ्याच्या घरी जाते. जाय, हुडक."

मग मी पदर खोचला, म्हणजे ओढणी बांधली, अन् अख्खं गाव पालथं घातलं. उकिरड्यावर वितळून गोळा झालेली क्रेट सापडली. ठिबकच्या पाइपांची जळकी भेंडोळी बांधावर टाकलेली होती. पाठीवरचा फवारणीचा पंप अर्धा वितळून नाल्यात पडला होता. काळे पडलेले पत्रे लीलाबाई नावाच्या शेजारणीनं गोठ्याच्या ओट्यावर घातले होते. राख तर गल्लीतल्या बायकांनी भांडी घासायला टोपल्या भरभरून नेली होती, काहींनी कीड लागू नये म्हणून डाळीत घालायला डब्यात भरून ठेवली होती. जिथं जे दिसलं तिथंच मी त्याचा फोटो काढला. चुन्याची भिंत किल्लीनं खरवडली, तर खालून काजळीचा काळा थर निघाला. त्याचाही फोटो.

मग गावाला चेव आला. एकेक जण जळकं सामान उचलून आणून इंदूबाईंच्या अंगणात टाकायला लागला. लीलाबाईंनी पत्रे आणले, अन् त्याबरोबर एक जळालेला कूलरही.

इंदूबाई इतका वेळ दारातून पाहत होत्या. कूलर दिसला तशा पुढं आल्या. "हा आपला नाई. लीले, उचल तुहा कूलर."

"अवं राहू दे ना. कंपनी देऊन राहिली, तुह्या घरचं काय जाते?"

"माह्या अंगणात माहाच कचरा मावत नाई, तुहा कायले ठेवू? उचल म्हणलं ना."

त्या ढिगातून त्यांनी अजून दोन-तीन वस्तू ओळखून बाहेर फेकल्या. एक जुनं टायर, कोणाचा तरी फाटका पट्टा. मी बाजूला उभी राहून पाहत होते. माझा राग तिथंच गळाला. या घरानं काही लपवलेलं नाही, याची मला त्या क्षणी खात्री पटली. निघताना मात्र मी कडक आवाजात सांगितलं, "काकू, आता माझा निरोप येईपर्यंत हे असंच राहील. झाडायचं नाही. सारवायचं नाही. एक काडीसुद्धा हलवायची नाही." त्यांनी मान डोलावली.

रिपोर्ट घेऊन मी शाखेत गेले. तिथले साहेब वाचता वाचता थांबले. "जागा साफ केली होती? म्हणजे लपवाछपवी आहे. नामंजूर करा अशी शिफारस लिहून द्या."

"साहेब, लपवणारा माणूस रांगोळी काढत नाही," मी म्हटलं.

"मॅडम, तुम्ही नव्या आहात. पुढं कामं पाहिजेत ना?"

मी तावातावानं बाहेर आले अन् पुन्हा अकोल्याला फोन लावला. सर म्हणाले, "कागदावर भांडू नको. त्याले तथी नेऊन उभं कर. अन् माय, तू काई बोलू नको." त्यातलं शेवटचं सगळ्यात अवघड होतं.

साहेब यायला तयार झाले, पण तारीख काही देईनात. आज मीटिंग, उद्या सुट्टी, परवा पाऊस. पोळा गेला, गणपती बसले. मी रोज फोन करायची, इतकी की शेवटी कंटाळून ते गाडीत बसले. वाटेत दोन्हीकडे घरोघरी दारात तोरणं होती, रांगोळ्या अजून पुसल्या नव्हत्या. महालक्ष्म्यांचं, म्हणजे गौरींचं, जेवण आदल्याच दिवशी झालं होतं. आमच्याकडे या सणाला घराचा कोपरान् कोपरा घासतात. फाटकापासून देवघरापर्यंत सारवलेल्या जमिनीवर पावलं काढतात अन् त्यावरून महालक्ष्म्यांना घरात आणतात. एका घरात बसत आलेल्या महालक्ष्म्या सहसा दुसरीकडे हलवत नाहीत.

आम्ही पोचलो. इंदूबाईंच्या अंगणात तो ढीग होता तसाच होता. पावसानं वाहून जाऊ नये म्हणून त्यावर ताडपत्री टाकून दगड ठेवले होते. भोवती चिखल, गवत उगवलेलं, पाला कुजलेला. सडा नाही, रांगोळी नाही. एवढ्या मोठ्या सणाला पूर्ण गल्लीत तेवढं एकच अंगण अस्वच्छ होतं. इंदूबाई दाराच्या आड उभ्या होत्या. पदर पार नाकापर्यंत ओढला होता. साहेबांकडे त्यांच्यानं पाहवत नव्हतं, इतकी त्यांना लाज वाटत होती.

साहेब वऱ्हाडातलेच. ते एकदा अंगणाकडे पाहत, एकदा दाराकडे. "बाई, महालक्ष्म्या नाही बसवल्या औंदा?"

"बसोल्या. जावंच्या घरी."

"इथं काहून नाही?"

"अथी कशा आणू साहेब? पाय कुठी ठेवतीन त्या?" त्यांनी ढिगाकडे बोट केलं. "मॅडमनं सांगितलं होतं, काडी हालवू नको. सासूच्या आधीपासून अथीच बसत होत्या. औंदा मी त्याह्यले दुसऱ्याच्या घरी धाडलं."

या वेळी तोंड न उघडता मी ताडपत्रीवरचे दगड बाजूला केले.

साहेबांनी स्वतः ताडपत्री उचलली. क्रेटचे गोळे पाहिले, पत्रे पाहिले, भिंतीची खरवडलेली जागा पाहिली. फार वेळ लागला नाही. मग माझ्या हातातला रिपोर्ट घेऊन त्यांनी गाडीच्या टपावर ठेवला अन् तिथंच त्यावर आपला शेरा लिहिला. "मंजूर करायला हरकत नाही. दसऱ्याआधी होऊन जाईल."

चंद्रभानभाऊ हात जोडून काहीतरी पुटपुटत राहिले. मी दाराशी गेले. "काकू, झालं. पास झालं तुमचं."

त्यांनी पदर थोडा मागं सारला. डोळे लाल होते. किती मिळणार, कधी मिळणार, काही विचारलं नाही. भिंतीला उभ्या केलेल्या खराट्याकडे पाहून त्यांनी हळूच विचारलं,

"मंग आता झाडू का, पोरी?"