गाणाऱ्या माशाच्या तीन तळटिपा

मंडईच्या जत्रेच्या दिवशी तलावाच्या पाळीवर सुलोचनाबाईंनी भैयाजींना सगळ्या गावासमोर खोटं पाडलं, आणि भैयाजींच्या जन्माचं सार्थक झालं.

असं अजून काहीही झालेलं नाही. वरचं वाक्य चुकून पडलं. आपण पहिल्यापासून सुरू करू.

अड्याळच्या अलीकडे जांभुळटोला आहे. तिथले भैयाजी लांजेवार हे निवृत्त मास्तर. निवृत्तीनंतर लोक गुडघे दाखवायला नागपूरला जातात, भैयाजी पुस्तकं छापायला गेले. एक दंडार या लोकनाट्याच्या संगीतावर, एक गावच्या तलावाच्या इतिहासावर आणि एक मुलांच्या अद्भुतकथांवर. तिन्ही अभ्यासग्रंथ. परिशिष्टं, सूची, तळटिपा, सगळं जिथल्या तिथे. तिसऱ्यात राक्षसांचं इतकं काटेकोर वर्गीकरण होतं की ते वाचून राक्षसच शिस्तीत वागले असते.

वाचणार कोण, हा प्रश्न होता. भैयाजी लग्नात आहेर म्हणून तिन्हींचा संच देऊ लागले. आता आहेर म्हटला की तो फिरतोच. साडी फिरते, स्टीलचा डबा फिरतो, तसे ग्रंथही फिरले. या मांडवातून त्या मांडवात, पवनीहून तुमसरपर्यंत. भैयाजींच्या धाकट्याच्या लग्नात एक संच घरी परत आला. आत त्यांचीच सही होती, फक्त वरचा चमकीचा कागद नवा होता.

"पाहा, तुमचे पुस्तकं तुमच्यापेक्षा जास्त गावं फिरले," रुखमिणीबाई म्हणाल्या. बत्तीस वर्षं त्या भैयाजींच्या पत्नी होत्या आणि त्यांनीही पुस्तकं वाचली नव्हती, पण त्यांनी तसं कबूल केलं होतं.

"फिरले. वाचले कोणं?"

तेव्हा भैयाजींनी दुसरी आवृत्ती काढली. पहिली संपायची वाट पाहिली असती तर आधी तेच संपले असते. या आवृत्तीत त्यांनी एक थाप घातली. संगीताच्या ग्रंथात तळटीप टाकली की जांभुळटोल्याच्या तलावात एक मासा मंडईच्या दिवशी भैरवी गातो, पुराव्यासाठी इतिहासाचा ग्रंथ पाहावा. इतिहासाच्या ग्रंथात लिहिलं की हा मासा तीनशे वर्षांचा आहे, पुराव्यासाठी अद्भुतकथांचा ग्रंथ पाहावा. आणि त्यात लिहिलं की हा मासा मुळीच काल्पनिक नाही, पुराव्यासाठी संगीताचा ग्रंथ पाहावा.

"वाचणारा असन तं भांडाले येईन," भैयाजी म्हणाले, आणि ओसरीवर खुर्ची टाकून बसले.

सहा वर्षं बसले. कोणी आलं नाही. खुर्चीची नायलॉनची पट्टी दोनदा बदलली.

सातव्या वर्षी तालुक्याहून एक फॉर्म आला. त्यात 'गावाचे वैशिष्ट्य' असा रकाना होता. सरपंच मनिष हा भैयाजींचाच विद्यार्थी. त्याने तिन्ही ग्रंथांची सूची तेवढी उघडली, आणि तिन्हींत 'मासा, गाणारा' सापडला. महिन्याभरात पाळीवर निळा बोर्ड लागला: 'ऐतिहासिक गाणारा मासा. कृपया शांतता राखा.'

भैयाजी धावत ग्रामपंचायतीत गेले. "मनिष, काढ तो बोर्ड! तो मासा मीनं बनवला!"

"गुरुजी, तीन पुस्तकांत हाये."

"तिन्ही माहेच हाये ना बाबू!"

"हो, पण पुस्तकं तीन हाये अन् तुम्ही एकटे हाये," मनिष नम्रपणे म्हणाला आणि त्यांच्यासाठी चहा सांगितला.

भैयाजींना बोर्डाचं एवढं दुःख नव्हतं. आता कोणी वाचून भांडायला येण्याची आशाच गेली, याचं होतं. मासा खराच ठरल्यावर खोटं पकडणार कोण?

दिवाळी झाली, मंडई भरली. जिलेबी घेऊन माणसं पाळीवर शांत बसली. गावातल्या धनीरामला भैरवी ऐकू आली. धनीरामचा डावा कान कामातून गेलेला आहे, पण मासा उजवीकडून गात होता. लोकांनी माना डोलावल्या. भैयाजी मागे उभे राहून स्वतःची थाप तालात ऐकत होते.

तेवढ्यात सुलोचनाबाई उठल्या. रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या वेळी बांधीत बायांच्या पुढे राहून गाणं उचलतात त्या. त्यामुळे त्यांचा आवाज चार बांध्यांपलीकडे जातो.

"कायचा मासा अन् कायचं काय! गुरुजी खोटे हाये!"

पाळीवर जिलेबी खाणंसुद्धा थांबलं.

"माह्या नातनीच्या लग्नात पुस्तकं आले. आषाढ लागला, लग्नं बंद. आहेर पुढं देऊ कोणाले? मंग वाचले. पहिलं म्हणते दुसरं पाहा, दुसरं म्हणते तिसरं पाहा, तिसरं म्हणते पहिलं पाहा. तीन चकरा मारल्या मीनं. रोवणा झाला, निंदण झालं, मी फिरूनच राहिली! मले काय बैल समजले काय, घाण्याचा?"

भैयाजी गर्दीतून वाट काढत पुढे आले. "तुम्ही... तिन्ही वाचले?"

"अन् पान एकशे चौदावर रोवण्याचं गाणं नाकाडोंगरीचं म्हणून टाकलं तुम्ही. कोणं सांगतलं? ते बपेऱ्याचं हाये. माह्या मायचं हाये. दुसरी ओळ तं गायबच केली!"

"म्हणून दाखवा," भैयाजी म्हणाले आणि खिशातून पेन काढला. कागद नव्हता, तर जिलेबीचा कागद उलटा केला.

सुलोचनाबाईंनी दोन्ही ओळी म्हटल्या. पाळीवरच्या बायांनी मागून धरल्या. भैयाजी लिहीत होते, डोळे पुसत होते, अक्षरं पाकात पसरत होती. सहा वर्षांनी त्यांच्याशी कोणीतरी पान क्रमांक सांगून भांडलं होतं.

गाणं संपल्यावर धनीराम म्हणाला, "पाहा, मी म्हटलं होतं ना? आला आवाज." आणि बोर्ड जागीच राहिला.

दुसऱ्या दिवशी भैयाजींनी तालुक्याला अर्ज केला. रुखमिणीबाईंनी तो पूर्ण वाचला आणि एक वेलांटी सुधारली.

'विषय: मासा कमी करणेबाबत. महोदय, मौजा जांभुळटोला येथील गाणारा मासा हा अर्जदाराने स्वतः रचलेला असल्याने, गावाच्या वैशिष्ट्यातून त्याचे नाव कमी करून त्या जागी श्रीमती सुलोचनाबाई यांची 'वाचक, एक' अशी नोंद घेण्यात यावी. पुराव्यादाखल तीन ग्रंथ सोबत जोडले आहेत. तरी आपल्या कार्यालयातील सर्व संबंधितांनी सदर ग्रंथ तळटिपांसह संपूर्ण वाचूनच निर्णय द्यावा, ही नम्र विनंती.'